तडजोडीला तारीख टाका

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे.)

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, कोणी हॉस्टेलच्या गच्चीवर, कोणी फोन ओट्यावर टेकवून भांडी घासताना. ऐका आरामात. आजचा विषय सायन्स, इंजिनिअरिंग, आयटी, लॅब, फार्मा अशा क्षेत्रांत असलेल्या किंवा तिकडे निघालेल्या मुलींसाठी आहे. पण मुलांनो, स्किप करू नका. शेवटी शेवटी तुमचाही नंबर लागणार आहे.

सुरुवात एका फोनपासून करते. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय, तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

"ताई, मी उद्या रजिस्ट्रेशन रद्द करायचा अर्ज देतेय."

"का गं? काय झालं?"

"चौथा महिना चालू आहे. सर म्हणाले, जमणार असेल तर कर, नाहीतर उगाच जागा अडवू नकोस. सासूबाई म्हणतात, आधी बाळाचं होऊ दे, मग बघू. आईपण तेच म्हणते. सगळ्यांचं एकमत झालंय."

"आणि तुझं?"

ती गप्पच झाली. मग म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही. आणि खरं सांगू का ताई, मीपण स्वतःला विचारलं नाही."

मी तिला एवढंच म्हटलं की रात्री साडेअकराला कोणी कसलाही अर्ज लिहायचा नसतो. झोप. उद्या बोलू.

तिला झोपायला सांगितलं खरं, पण मला काही झोप लागली नाही. कारण हे असं "सगळ्यांनी मिळून ठरवलेलं" माझ्याही बाबतीत झालं होतं. फक्त माझ्या वेळी ते इतकं हळूहळू झालं, की मला कळायलाच पाच वर्षं लागली.

मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. सुरुवातीला मी टेस्टिंगला होते, म्हणजे प्रत्यक्ष गाडीवर. लॅपटॉप मांडीवर घेऊन ट्रॅकवर चकरा, उन्हाळ्यात कडक उन्हात ट्रायल, हिवाळ्यात बर्फात ट्रायल. काम जाम आवडायचं. मग माझं लग्न ठरलं. त्या वेळचे आमचे मॅनेजर चांगले, मनमिळाऊ माणूस. ते म्हणाले, "आता तुझी धावपळ असेल, सहा महिने डॉक्युमेंटेशन सांभाळ, मग परत गाडीवर घेतो." मी म्हटलं, चालेल सर. मलाही बरंच वाटलं.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. मग मॅनेजर बदलले. नव्या मॅनेजरच्या दृष्टीने मी पहिल्यापासून डॉक्युमेंटेशनवालीच होते! मग माझी मुलगी झाली. तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं तू गाडीवर नाहीस. असं करत पाच वर्षं गेली. मग एका अप्रेझलला मला सांगितलं गेलं की मी टीमचा कणा आहे. आणि प्रमोशन मिळालं माझ्यापेक्षा तीन वर्षांनी ज्युनिअर असलेल्या मुलाला. तो गाडीवर होता ना.

मी धीर करून विचारलं, "सर, माझा विचार नाही केला?" ते अगदी प्रामाणिकपणे चकित झाले. म्हणाले, "तुला हवं होतं? तू कधी बोलली नाहीस."

खरं सांगते, राग आला. पण घरी येताना बसमध्ये विचार केला, तर त्यांचं वाक्य पूर्ण खोटं नव्हतं. मला कोणी जबरदस्तीने बाजूला काढलं नव्हतं. मी "तात्पुरतं" म्हणून हो म्हटलं होतं आणि त्या तात्पुरत्याला शेवटची तारीखच टाकली नव्हती. दुधाच्या पिशवीवरसुद्धा तारीख असते हो. मी माझ्या करिअरवर टाकली नव्हती.

तर आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे: तडजोड करा, पण तिच्यावर तारीख टाका.

करिअर प्लॅनिंग म्हटलं की आपल्याला वाटतं, भिंतीवर वीस वर्षांचा तक्ता लावायचा. पंचविसाव्या वर्षी हे, तिसाव्या वर्षी ते. असं काही नसतं. वीस वर्षांनी कुठलं तंत्रज्ञान असेल हेच कोणाला माहीत नाही. मी म्हणते ते प्लॅनिंग खूप साधं आहे. निर्णय आपण घेतोय का आपसूक होतोय, हे वेळच्या वेळी तपासायचं. बस्स.

आणि हे मुलींनाच का सांगायचं? आकडे बघा. आपल्याकडे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणात मुलींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. जगात हा आकडा चांगला समजला जातो. पण सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०१८ मध्ये संशोधन आणि विकासाच्या प्रत्यक्ष कामात असलेल्यांपैकी स्त्रिया होत्या फक्त १६.६ टक्के. म्हणजे वर्गात आपण दिसतो, लॅबमध्ये पोहोचेपर्यंत कुठेतरी गळतो. ही गळती एका दिवसात होत नाही. ती "सध्या राहू दे", "मग बघू", "एवढं वर्ष जाऊ दे" अशी थेंबाथेंबाने होते.

आता मी केलेल्या चार-पाच गोष्टी सांगते. उपदेश म्हणून नाही, मला उपयोग झाला म्हणून.

पहिली गोष्ट, कामाची वही. कागदी असो नाहीतर फोनमधलं नोट्स अॅप असो. दर शुक्रवारी दहा मिनिटं. या आठवड्यात मी काय केलं, त्यातून काय झालं, आकडा असेल तर आकडा. "टेस्टिंग केलं" असं नाही, तर "ब्रेकच्या मॉड्यूलमधली चूक गाडी बाहेर जायच्या आधी सापडली" असं. त्या अप्रेझलनंतर मी मागच्या वर्षभराच्या मेल उघडून पहिल्यांदा अशी यादी केली. चौदा कामं निघाली. त्यातली नऊ कोणती होती माहितीये? मीटिंगचं टिपण काढणं, नव्या पोरांना शिकवणं, ऑडिटच्या फाइली लावणं, निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणं आणि दिवाळीची रांगोळी. रांगोळी छान काढली होती, त्यात वाद नाही! पण रांगोळीवर प्रमोशन मिळत नाही.

यावरून दुसरी गोष्ट. असली कामं आपल्याकडेच का येतात? यावर अमेरिकेतल्या चार संशोधक स्त्रियांनी केलेला एक मस्त प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी. तिघा-तिघांचे गट केले, प्रत्येक जण आपापल्या कॉम्प्युटरसमोर. स्क्रीनवर एक बटण. कोणीच दाबलं नाही तर प्रत्येकाला १ डॉलर. कोणी एकाने दाबलं तर बाकी दोघांना २ डॉलर, पण दाबणाऱ्याला मात्र सव्वा डॉलर. म्हणजे कोणीतरी दाबावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण आपण नको. आपलं ऑफिसच की हे!

मिश्र गटांत बटण दाबण्यात बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच पुढे होत्या. आता कोणी म्हणेल, बायकांचा स्वभावच मदतीचा. पण थांबा. गटात फक्त बायका ठेवल्या, तेव्हा बायका आणि फक्त पुरुषांच्या गटातले पुरुष जवळपास सारख्याच प्रमाणात बटण दाबत होते. पुरुष एकटेच असले की तेही निमूटपणे दाबतात! म्हणजे हा स्वभाव नाही, ही अपेक्षा आहे. ती करेल असं सगळ्यांना वाटतं, आणि तिलाही वाटतं की आपणच करायचं असतं.

म्हणून मी काय केलं? नाही म्हणायला मला जमत नाही, अजूनही नाही. मी पाळी लावायला सांगितली. "मीटिंगचं टिपण या वेळी मी घेते, पुढच्या वेळी कोण घेणार? आत्ताच लिहून टाकते." एवढंच. भांडण नाही, भाषण नाही. दोन महिन्यांत टिपण घेणारे चार जण झाले. त्यातल्या एकाचं टिपण वाचवत नाही, पण चालतंय.

तिसरी गोष्ट तारखेची. ही मी शिकले कमला सोहोनी यांच्याकडून. माहेरच्या कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. घरात वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. कमलाबाई १९३३ मध्ये मुंबईतून बीएस्सी झाल्या आणि त्यांनी तिथे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? मुलगी आहे म्हणून.

आपल्यापैकी किती जणी इथेच थांबल्या असत्या? समोर नोबेल विजेता माणूस आहे, त्यांचं काहीतरी बरोबर असेल, असं म्हणून. कमलाबाई बंगळुरूला गेल्या आणि थेट विचारलं की का नाही. मागे हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नसतील, कामाने संचालकांचं समाधान झालं तरच मान्यता, आणि त्यांच्यामुळे लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वाचताना अंगाची लाही होते. कमलाबाईंनाही हे अपमानास्पद वाटलंच होतं.

पण नीट बघा. ती तडजोड होती, आणि तिला मुदत होती. एक वर्ष. वर्ष संपलं, कामाने उत्तर दिलं, त्या नियमित झाल्या. पुढे एमएस्सी केली. मग केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं, आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली, अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. परत येऊन दिल्ली, कुन्नूर आणि मग लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं, नीरेवर संशोधन केलं, त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. आणि त्यांच्या त्या एका वर्षानंतर बंगळुरूचं ते दार इतर मुलींसाठीही उघडलं.

मी असं म्हणत नाही की अपमान गिळा. त्या अटी चूकच होत्या. मी म्हणतेय, तुमच्यावर तडजोडीची वेळ आलीच, आणि ती येते, तर विचारा: कधीपर्यंत? आणि नंतर काय? आणि ते मेलवर लिहून घ्या. "सर, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी मार्चअखेरपर्यंत डॉक्युमेंटेशन बघते, एप्रिलपासून परत टेस्टिंगला." दोन ओळींची मेल. मी तेव्हा ती पाठवली असती, तर नव्या मॅनेजरला निदान कळलं तरी असतं.

चौथी गोष्ट, नियम स्वतः वाचा. कोणीतरी म्हणालं, यावर निर्णय घेऊ नका. माझ्या बहिणीला वाटत होतं की पीएचडीत बाळंतपणाची रजा नसतेच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी व्हिडिओ कॉलवर यूजीसीचे २०२२चे पीएचडीचे नियम उघडले. त्यात लिहिलंय की महिला संशोधकांना पूर्ण पीएचडीच्या काळात मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा देता येते. मुदतीचंही तसंच. पीएचडीला सहा वर्षं, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. ती वाचताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "ताई, मी काल रात्री अर्ज टाइप करून ठेवला होता."

नोकरीत असाल तर हे लक्षात ठेवा. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. पण अट अशी की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं हवं. नोकरी बदलायचा विचार असेल तर हा हिशेब आधी मांडा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. आणि जॉइन होताना या सवलती तुम्हाला लेखी कळवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. तेव्हा इंडक्शनच्या दिवशी मिळतो तो कागदांचा गठ्ठा न वाचता सही करून टाकू नका.

आणि ज्यांचा आधीच ब्रेक झालाय त्यांच्यासाठी: दार बंद झालेलं नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा वाईज-किरण नावाचा कार्यक्रम आहे. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांना परत येता यावं हा त्याचा एक मुख्य हेतू. त्यात फेलोशिप असतात. वयाची अट आणि रक्कम ज्या त्या जाहिरातीत बघा. अर्ज करायला महिना-दीड महिना तयारी लागते, त्यामुळे जाहिरात आल्यावर नाही, आधीच प्रस्तावाचा कच्चा आराखडा करून ठेवा.

पाचवी गोष्ट, माणसं. प्रत्येकीला तीन प्रकारची माणसं लागतात. एक, जी शिकवते. दोन, जी आपण खोलीत नसताना आपलं नाव घेते, "हे काम तिला द्या" असं म्हणते. आणि तीन, जी आपल्याच नावेत आहे, जिच्याजवळ रडता येतं. आपल्याकडे पहिली आणि तिसरी असतात. दुसरी नसते. ती आपोआप मिळत नाही, तिला आपलं काम माहीत असावं लागतं. म्हणून ती शुक्रवारची वही. तीन महिन्यांतून एकदा त्यातल्या पाच ओळी तुमच्या साहेबांच्या किंवा गाइडच्या मेलवर टाका. याला फुशारकी म्हणत नाहीत. दुकानाला पाटी लावणं ही काही बढाई नसते.

आता घर. आणि आता मुलांचा नंबर. लग्न ठरवताना आपण पत्रिका बघतो, पगार विचारतो, फ्लॅट कुठे आहे विचारतो. पण "तुझी बदली पुण्याला आणि माझी हैदराबादला झाली तर काय?" हे विचारत नाही. "मूल आजारी पडलं तर सुट्टी कोण टाकणार?" हे विचारत नाही. मग ते प्रसंग येतात तेव्हा उत्तर ठरलेलंच असतं. मित्रांनो, तुमच्या बायकोच्या, बहिणीच्या करिअरमध्ये तुम्ही "सपोर्ट" करता म्हणे. सपोर्ट मांडववेलीला लागतो. इथे पाळी लावायची आहे, मीटिंगच्या टिपणासारखी. माझ्या नवऱ्याने आणि मी फ्रिजवर कागद लावलाय. सोमवार-बुधवार मुलीला आणायला तो, मंगळवार-गुरुवार मी, शुक्रवारी आजोबा. पहिले दोन महिने तो दर सोमवारी विसरायचा. कागद काढला नाही. आता नाही विसरत.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते. कितीही प्लॅनिंग केलं तरी सगळं आपल्या हातात नसतं. पाळणाघर नसेल, रात्री सुरक्षित बस नसेल, गाइड अडून बसला असेल, तर तो दोष तुमच्या नियोजनाचा नाही. ते बदलायला संस्थांनीच हलायला हवं. मात्र नियोजनामुळे एक होतं. आपण बाहेर पडलोच, तर ठरवून पडतो. घसरत घसरत नाही.

माझं काय झालं? मी गाडीवर परत गेले. लगेच नाही, दीड वर्ष लागलं, आणि सुरुवातीला माझ्याहून लहान पोरांकडून शिकावं लागलं. पाच वर्षांत सगळी अवजारं बदलली होती. ते प्रमोशन हुकलं ते हुकलंच.

आणि बहिणीचं? तिने तो अर्ज दिला नाही. रजेचा अर्ज दिला, नियमाचा उल्लेख करून, परत यायच्या तारखेसकट. सर कुरकुरले, पण सही केली. तिला परत लॅबमध्ये येऊन आता पाच महिने झाले. मुलगा नुकताच चालायला लागलाय. सगळं गोड आहे असं नाही. मागची बॅच पुढे गेली, तिचे काही सॅम्पल फुकट गेले, एकदा लॅबच्या जिन्यात बसून रडली आणि मला फोन केला. मी विचारलं, "सोडायचंय का?" ती म्हणाली, "माहीत नाही. पण आज नाही ठरवणार. दिवाळीनंतरची तारीख टाकलीये. तेव्हा बसून नीट बघेन. आणि या वेळी मी ठरवेन."

ती सोडेल की पूर्ण करेल, मला खरंच माहीत नाही. दोन्हीपैकी काहीही केलं तरी मी तिच्या बाजूने आहे.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. हा एपिसोड संपला की लगेच दुसरा लावू नका. फोनमध्ये एक नोट उघडा. सध्या तुम्ही "तात्पुरतं" म्हणून काय काय करताय ते लिहा. ब्रांच, प्रोजेक्ट, शहर, नोकरी, काहीही. प्रत्येकासमोर एक तारीख टाका आणि त्या तारखेचा अलार्म लावा. त्या दिवशी काय निर्णय घ्याल ते आज ठरवायची गरज नाही. फक्त त्या दिवशी स्वतःला विचारायचं.

आणि तुमच्या यादीत काय निघालं ते मला जरूर कळवा. रांगोळी निघाली तर फोटोपण पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.